रानातली भाजी, रानटी माणूस

गेल्या पावसाळ्यात मराठी करायला माझ्याकडे इतिहासाचा एक लेख आला होता. आफ्रिकेतल्या एका जुन्या वसाहतीवरचा. जंगलाच्या कडेला वसलेलं एक गाव गोऱ्या शिपायांनी माणसांसकट पेटवून दिलं, असा प्रसंग त्यात होता आणि लेखकाने त्या कृत्याला शब्द वापरला होता 'बार्बरिझम'. मी सवयीने लिहून टाकलं, 'शिपायांचा हा रानटीपणा', आणि पुढच्या ओळीवर गेले. पान संपत आलं तेव्हा काहीतरी टोचायला लागलं म्हणून मागे वळले. रानात राहत कोण होतं? जळाली ती माणसं. शिपाई बंदरावरच्या पक्क्या बराकीतून आले होते, त्यांचे अधिकारी चांगल्या शाळांतून शिकलेले होते. मी त्यांच्या क्रौर्याला नाव दिलं ते जळालेल्यांच्या पत्त्याचं.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागलाय. वर्तमानपत्र उघडलं की दिसतो. जमावाने कुणाला ठेचून मारलं, 'रानटी कृत्य'. सुनेला जाळलं, 'रानटीपणाचा कळस'. ही कृत्यं घडतात कुठे? भर चौकात, सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, फरशी बसवलेल्या स्वयंपाकघरात. रानाचा संबंध शोधूनही सापडत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. मराठीत लिहिणाऱ्यांनी, पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांनी आणि बातम्या देणाऱ्यांनी क्रौर्यासाठी 'रानटी' हा शब्द वापरणं थांबवावं. कुणाला हे शब्दांचं सोवळं वाटेल. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला तरी ते तसं वाटू नये, कारण सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण इथली आपली शेजारी माणसं खरोखर रानालगत राहतात.

पाऊस सुरू झाला की एखाद्या सकाळी पेठ रोडला जाऊन पाहा. पेठ-हरसूलकडून पहिल्या गाडीने आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या असतात. पुढ्यात कर्टुल्यांचे वाटे, शेवळांच्या जुड्या, कुर्डूची कोवळी पानं, भारंगी. शेवळं घेतली तर सोबत काकडाची फळंही घ्यायला लावतात, नाहीतर घसा खाजेल म्हणतात. अशाच एका सकाळी माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या. कर्टुली हातात घेऊन त्यांनी विचारलं, "रानातलीच ना गं? शेतातली नकोत मला."

"रानाचीच हाय ताई. काल सांजच्याला काढली."

भाव चढा सांगितला, तरी बाईंनी घासाघीस केली नाही. रानातली म्हटल्यावर पैसे सुटले. मग सुट्ट्यांवरून घोळ झाला. वीसची नोट दिली की नाही दिली, यावरून दोघींचं जुळेना. विकणारी गोंधळली, पदराच्या गाठीतले पैसे सोडून पुन्हा मोजू लागली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रानटी आहेत नुसत्या. साधा हिशेब कळत नाही." हिशेब शेवटी जुळला. चूक कुणाची होती ते मला दिसलं नाही. दिसलं ते इतकंच, की विकणारीने मान वर केली नाही. हा शब्द ती पहिल्यांदा ऐकत नव्हती.

एकाच गोणपाटावर, पाच मिनिटांच्या आत, रानाने भाजीचा भाव चढवला आणि माणसाचा उतरवला. मराठीत 'रान' हा शब्द किती मायेचा आहे! निफाड-दिंडोरीकडे कुणाच्या घरी जाऊन विचारा, म्हातारे कुठे गेले? 'रानात गेलेत.' म्हणजे मळ्यात, कामावर. रानमेवा, रानफूल, रानवारा, सगळे गोड शब्द. कडूपणा येतो तो माणसाला चिकटवल्यावरच. इंग्रजीतला 'सॅव्हेज' असाच घडला. लॅटिनमध्ये 'सिल्व्हा' म्हणजे अरण्य, त्यावरून अरण्यातला, आणि तिथून हिंस्र. आपण 'सॅव्हेज' आणि 'बार्बेरियन' या दोन्ही शब्दांना 'रानटी'च्या एकाच खुंटीला टांगतो.

पण 'बार्बरिझम' रानातून आलेला नाही. तो कानातून आलाय. परक्यांचं बोलणं ग्रीकांना 'बर बर' असं ऐकू यायचं, म्हणून ते परके 'बार्बारोस'. होमरच्या महाकाव्यात कारियाच्या लोकांना 'बर्बर बोलीचे' असं विशेषण आहे. क्रौर्याचा तिथे वासही नाही. यांना आपली भाषा नीट येत नाही, एवढीच तक्रार. पुढे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात इराणशी लढाया झाल्या, आणि मग त्याच शब्दात भित्रा, उन्मत्त, गुलामीलाच लायक असं सगळं भरत गेलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मात्र एक नोंद करून ठेवलीय: आपली भाषा न बोलणाऱ्या सगळ्यांना इजिप्तचे लोकही बर्बरच म्हणतात. म्हणजे नाईलच्या काठावर ग्रीकही त्यात आला.

आपल्याकडे काय वेगळं आहे? दक्षिणेतली भाषा कानावर पडली की आपण तिला 'यंडुगुंडू' म्हणून मोकळे होतो. हा आपला घरचा 'बर बर'. रशियन माणूस जर्मनाला 'नेमेत्स' म्हणतो, त्याच्या मुळाशी मुका हा अर्थ आहे. अरबीत अरबांखेरीजचे, त्यातही इराणी, ते 'अजम'. ज्यांचं बोलणं स्पष्ट नाही असे. उत्तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या समाजाला जग 'बर्बर' म्हणूनच ओळखत आलंय. ते स्वतःला 'इमाझिघेन' म्हणवतात, आणि त्याचा अर्थ मोकळी माणसं असा सांगतात. संस्कृतातही 'बर्बर' आहेच: तोतरा, कुरळ्या केसांचा, परका, मूर्ख, असे त्याचे अर्थ कोशात शेजारी शेजारी बसलेत. महाभारतातल्या लोकांच्या याद्यांत शक, यवन, किरात यांच्या रांगेत बर्बर येतात. मराठीतले बडबड, बोबडा, बरळणं हे सगळे त्याच नादाचे. मूल बोबडं बोललं की आपण त्याला उचलून घेतो, पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणायला लावतो. मोठा परका माणूस तसाच अडखळला की त्याची नक्कल करतो. कान तोच असतो. माया आटलेली असते.

'म्लेच्छ' हा शब्दही जिभेवरूनच आलाय. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कथा आहे. देवांशी झगडताना असुरांना 'हेऽरयः', म्हणजे 'अरे शत्रूंनो', असं म्हणायचं होतं, पण ते 'हेऽलवः' म्हणाले आणि हरले. म्हणून ब्राह्मणाने म्लेच्छांसारखं बोलू नये. व्याकरणकार पतंजलीने आपल्या महाभाष्याच्या आरंभीच, शब्दात थोडा फरक करून, हीच कथा घेतली आणि पुढे म्हटलं, 'म्लेच्छो ह वा एष यदपशब्दः'. चुकीचा शब्द म्हणजेच म्लेच्छ. आता गंमत नव्हे, नवल पाहा. ग्रीक आणि लॅटिन व्याकरणातही शब्दाचं रूप चुकलं की त्या दोषाला 'बार्बरिझम'च म्हणत. एकमेकांना न विचारता दोन टोकांच्या वैयाकरणांनी उच्चाराच्या चुकीला परक्या माणसाचं नाव दिलं. आधी परक्याचं बोलणं चूक ठरलं, मग चुकणारा परका ठरला. त्याच्या स्वभावावर, वागण्यावर, त्याच्या हातून घडणाऱ्या कृत्यांवर ती चूक पसरवायला मग कितीसा वेळ लागतो?

पतंजली मोठा प्रामाणिक. तो हेही सांगतो की शब्द थोडे आणि अपशब्द फार. 'गौः' या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे किती तरी अपभ्रंश लोक बोलतात. आपल्या गोठ्यातली 'गाय' त्या 'गौः'पेक्षा 'गावी'लाच जवळची आहे. मराठी बोलणारे आपण सगळेच त्या चुकलेल्यांच्या वंशातले.

मी मूळची सटाण्याकडची. पाचवीला नाशिकच्या शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, मधल्या सुट्टीत फाटकाशी कोण आलं होतं? मी उभी राहून म्हणाले, "मना भाऊ उना." वर्गात हसू फुटलं. बाई रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "ही कुठली गावंढळ भाषा? शुद्ध बोल." फळ्यावर 'माझा भाऊ आला' असं लिहून मला ते वहीत दहा वेळा उतरवायला लावलं. पुढची दोन वर्षं मी वर्गात होता होईल तो तोंड उघडलं नाही. 'नेमेत्स'चा अर्थ वाचला तेव्हा ती दोन वर्षं आठवली. त्याहून वाईट म्हणजे पालकसभेला आईला यायला मी बंदी केली. आजारी आहे, गावी गेलीय, काहीही सांगायचे. ती आली तर अहिराणीत बोलेल याची मला धास्ती होती. माझी आई सबंध गल्लीची बाळंतपणं निस्तरायची, रात्री-अपरात्री धावून जायची, आणि मला तिच्या बोलण्याची लाज शिकवली गेली होती.

अहिराणीचं नाव अहिरांवरून, म्हणजे आभीरांवरून पडलं असं मानतात. आता संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीचा काव्यादर्श उघडा. तिथे स्वच्छ लिहिलंय, 'आभीरादिगिरः काव्येष्वपभ्रंश इति स्मृताः'. काव्यात आभीर वगैरेंच्या बोलीला अपभ्रंश म्हणतात. आणि शास्त्रात तर संस्कृतखेरीज जे काही आहे ते सगळंच अपभ्रंश. म्हणजे माझ्या वर्गातलं ते हसू दंडीइतकं तरी जुनं होतं. आणि दंडीच्याही आधी हे आभीर नाशकात राज्य करत होते, याचा पुरावा आपल्या गावाच्या वेशीवर दगडात कोरलेला आहे.

त्रिरश्मीच्या डोंगरावर, म्हणजे आपण ज्याला पांडवलेणी म्हणतो तिथे, मी वर्षातून दोनदा तरी जाते. मुंबई-आग्रा रस्ता सोडून पायऱ्या चढायला लागलं की गाड्यांचा आवाज खाली राहतो. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षातला. त्यात ती आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगते: 'सक-यवन-पल्हव-निसूदन', शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा. 'खखरातवसनिरवसेसकर', क्षहरात या शक घराण्याचा वंश निःशेष करणारा. चारही वर्णांची सरमिसळ थांबवणारा. आणि त्याच लेखात, त्याच मुलाबद्दल, असंही कोरलंय की अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायला त्याला आवडत नसे. एका आईचं हे बोलणं आहे, मी त्यावर बोट ठेवणार नाही. पण ज्यांचा वंश निःशेष केला ते शत्रूंतही धरलेले नाहीत, हे वाचताना दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. नाण्यांतही हीच खूण आहे. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली, क्षहरातांचा राजा नहपान याची. त्यांतल्या बहुतेकांवर, त्याच्या चेहऱ्यावरच, गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे.

तिथून थोडं पुढे गेलं की दहावं लेणं. तिथला दाता त्याच संहार झालेल्यांपैकी: क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात. त्याने इथे लेणं खोदवलं, ठिकठिकाणी धर्मशाळा, विहिरी, तळी बांधली, दमण, तापी, डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. लेखात नोंदवलेल्या ४२व्या वर्षी त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून दिले. २००० दरमहा शेकडा एक या व्याजाने, १००० शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना दरसाल वस्त्रं मिळावीत. हे गोवर्धन म्हणजे गंगापूरच्या बाजूचं आपलं गोवर्धन. उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने एक 'ओवरक' दिला. आपण आजही देवळात जिला ओवरी म्हणतो ती. आणि भाषा पाहा. सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत, तर या शकाचा लेख 'राज्ञः क्षहरातस्य क्षत्रपस्य नहपानस्य जामात्रा' असा बऱ्याच अंशी संस्कृत वळणाने सुरू होतो. ज्यांची जीभ वळत नाही म्हणून ज्यांना म्लेच्छ म्हटलं, त्यांचं संस्कृत या डोंगरावर वर्णांचं रक्षण करणाऱ्या राजघराण्यापेक्षा जास्त 'शुद्ध' आहे. बाईंचं 'शुद्ध बोल' मला इथे हमखास आठवतं.

त्याच दहाव्या लेण्यात आणखी एक लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला. दान देणारी आहे विष्णुदत्ता, शक अग्निवर्म्याची मुलगी. तिने तेल गाळणाऱ्यांच्या, पाणयंत्रं करणाऱ्यांच्या आणि इतर श्रेणींकडे पैसे ठेवले. कशासाठी, तर आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. राजा आभीर, बाई शक. दोघंही जुन्या ग्रंथांच्या लेखी खालचे आणि बाहेरचे.

सतराव्या लेण्यात जाणारे कमी. ते लेणं उत्तरेकडच्या दात्तामित्री गावच्या एका 'योणका'ने, म्हणजे यवनाने, कोरवलं. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, बापाचं धर्मदेव, मुलाचं धर्मरक्षित. लेण्यासोबत त्याने आत चैत्य आणि पाण्याच्या पोढ्या खोदल्या, आईवडिलांसाठी. यवन हा शब्द मूळचा आयोनियातल्या ग्रीकांचा. ज्यांनी अवघ्या जगाला बर्बर म्हटलं ते इकडे येऊन म्लेच्छ झाले. ज्योतिषी वराहमिहिराने मोठ्या मनाने लिहिलंय की यवन म्लेच्छ खरे, पण हे ज्योतिषाचं शास्त्र त्यांच्याकडे नीट नांदतं आहे, म्हणून ऋषींसारखे तेही पूजनीय. पुढे आपल्या बखरींत यवन म्हणजे मुसलमान झाला. खुर्ची तीच, बसणारा बदलला. हा शब्दांचा इतिहास शाळेत एका तासात सांगता येतो. लेण्यांवर येणाऱ्या सहलींना पांडवांची गोष्ट सांगतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

इथे कुणी म्हणेल, शब्द घासून गुळगुळीत झालाय. 'रानटी' म्हणताना कोकणा, वारली, महादेव कोळी कुणाच्याही मनात नसतात. मी पेठ रोडवरची ती खाली घातलेली मान पाहिलीय, म्हणून मला हे पटत नाही. म्हणणाऱ्याच्या मनात नसेल. ऐकणारीच्या मनात असतं. शब्द गुळगुळीत होतो तो वापरणाऱ्याच्या हाताला.

आणि या शब्दाने कायद्यापर्यंत मजल मारली होती, हे विसरून चालत नाही. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, सबंध जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो डाग कागदावरून पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडलं. त्याच काळात, १८७७ मध्ये, अमेरिकेतल्या लुईस हेन्री मॉर्गनने माणसाच्या प्रगतीची शिडी मांडली. खाली सॅव्हेजरी, मध्ये बार्बरिझम, वर सिव्हिलायझेशन. मडकी घडवता आली की माणूस खालच्या पायरीवरून मधल्या पायरीवर, अक्षरं लिहिता आली की वरच्या. ही शिडी मराठीत आणताना रानटी अवस्था आणि मग सुधारलेली अवस्था असे शब्द रुळले, आणि इतक्या पिढ्या गेल्या तरी निबंधांत, भाषणांत 'माणूस रानटी अवस्थेत होता तेव्हा' हे वाक्य येतंच. सुरगाण्याच्या आश्रमशाळेतला मुलगा ते वाक्य पाठ करतो तेव्हा आपल्या आजोबांना कुठल्या पायरीवर बसवत असेल?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. काही कृत्यं इतकी भयंकर असतात की साधा शब्द पुरत नाही. 'क्रूर' म्हटलं तर ते मिळमिळीत वाटतं. मला हा आक्षेप कळतो. पण 'रानटी' जोरकस वाटतो तो का, हे तपासावं. तो ते कृत्य उचलून आपल्या कुंपणाबाहेर ठेवतो. हे आपल्यातल्या कुणी केलेलं नाही, रानातून कुणी तरी आलं आणि करून गेलं, अशी त्याने सोय होते. विसाव्या शतकात लाखो ज्यूंना मारणाऱ्या देशात उत्तम विद्यापीठं होती, वेळेवर धावणाऱ्या गाड्या होत्या, आणि त्याच गाड्यांतून माणसं नेली गेली. तिथे रान कुठलं? नोंदवह्या होत्या, सह्या होत्या, शिक्के होते. 'पाशवी' आणि 'अमानुष' हेही शब्द मला म्हणूनच खटकतात. पशू माणसांची यादी करत नाही, आणि जे केलं ते माणसानेच केलेलं असतं. क्रौर्य हा शब्द मिळमिळीत झाला असेल तर तो आपण नीट न वापरल्याने. बातमीत काय घडलं ते स्वच्छ लिहिलं, कुणी केलं, कुणाला केलं, किती जण बघत उभे होते, तर विशेषणाची गरजच उरत नाही.

'बर्बर'चं काय करायचं हा प्रश्न मला माझ्या कामात रोज पडतो. ग्रीकांच्या संदर्भात मी तो ठेवते. शब्द त्यांचाच आहे, नादही तोच. ग्रीक बायबलातल्या एका प्रसंगाने मला इथे वाट दाखवली. ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पौल याचं जहाज माल्टा बेटाजवळ फुटतं, थंडी-पावसात सगळे किनाऱ्याला लागतात, आणि बेटावरचे 'बार्बारोय' शेकोटी पेटवून त्यांना ऊब देतात, अगत्याने वागवतात. जुन्या इंग्रजी भाषांतराने त्यांना 'बार्बरस' लोक म्हटलं, त्यामुळे वाक्य वाचताना ठेच लागते. अलीकडची भाषांतरं सरळ बेटावरचे लोक म्हणतात. मूळ ग्रीक शब्द एकच, पण मधल्या काळात त्यात इतकं विष साठलं की शेकोटी पेटवणाऱ्या माणसांना तो शोभेना. तो बदलणं हाच इथे प्रामाणिकपणा होता. हाच पौल करिंथकरांना लिहितो की बोलणाऱ्याची भाषा मला कळली नाही, तर मी त्याला बर्बर आणि तो मला बर्बर. दोन्हीकडून सारखं. इतकी रास्त व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही.

शब्दावरून राष्ट्रंही भांडलीत. चिनी परंपरेत चार दिशांच्या परक्यांना चार नावं होती: पूर्वेचे यी, दक्षिणेचे मान, पश्चिमेचे रोंग, उत्तरेचे दी. १८५८ च्या तिएन्त्सिनच्या तहात ब्रिटिशांनी ५१ वं कलम घालून घेतलं, की आमच्याबद्दल सरकारी कागदात 'यी' लिहायचं नाही. ज्या साम्राज्याने निम्म्या जगाला बार्बेरियन म्हटलं त्याला तोच शब्द स्वतःबद्दल सोसवला नाही, आणि तो काढून घेण्याइतक्या तोफा त्याच्याकडे होत्या. पेठ रोडवर बसणाऱ्या बाईकडे तोफा नाहीत, कलमं नाहीत. म्हणून हे काम लिहिणाऱ्यांनी आपण होऊन करायचं आहे.

ज्या लेखापासून हे सुरू झालं तो आफ्रिकेचा होता, आणि आफ्रिकेचा एक धागा नाशकात आहे. इथल्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम आणि शाळा चालवली. त्यांतला जेकब वेनराईट पुढे आफ्रिकेत फिरणारा ब्रिटिश प्रवासी लिव्हिंगस्टन याच्या शोधयात्रेत सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा चुमा, सुसी आणि वेनराईट यांच्यासारख्या आफ्रिकी सोबत्यांनी त्याचं शव शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणलं. त्याच्या मरणाची नोंद झाडावर कोरली ती नाशकात लिहायला शिकलेल्या वेनराईटने. १८७४ मध्ये लंडनला अंत्ययात्रेत शवपेटीला हात देणाऱ्यांत तो होता. त्याला आणि त्याच्या भाईबंदांना त्या काळची पुस्तकं काय म्हणत होती ते मी इथे पुन्हा लिहीत नाही.

लेख मी दुरुस्त करून पाठवला. 'शिपायांचा हा रानटीपणा' खोडून लिहिलं, 'शिपायांनी दारं बाहेरून लावून घेतली आणि माणसं आत असताना घरं पेटवली. हे क्रौर्य त्यांनी शुद्धीवर राहून केलं.' तपशील मुळातलाच होता, दोन वाक्यं आधीचा. मी तो फक्त विशेषणाच्या जागी आणला. संपादकांचा फोन आला, म्हणाले, "ताई, मुळात एकच शब्द आहे, तुम्ही दोन वाक्यं केलीत." मी कारण सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्या पानावर अजून दोनदा आलाय तो. तिथलंही बघून द्या."

मी अजून त्या दुसऱ्या पानावर आहे. तिथे लेखकाने तोच शब्द गावकऱ्यांसाठी वापरलाय, शिपायांच्या तोंडी.